अडकलेला इशारा

टीममध्ये तिला सगळे चाळणी म्हणत. डेव्हलपर प्रोग्राम लिहीत आणि तो बाहेर जाण्याआधी तिच्या हातून तपासून जाई, म्हणून हे नाव. "चाळणीतून गेलं का?" हा ऑफिसातला रोजचा प्रश्न होता. तिला त्या नावाचं काही वाटत नसे. धास्ती वाटायची ती भिंतीवरच्या बोर्डाची. सकाळी आत पाऊल टाकलं की नजर आधी तिकडे जाई.

बोर्डावर चार रकाने होते: करायचं, चालू, टेस्टिंग, झालं. दर दोन आठवड्यांचा एक स्प्रिंट असे. पहिल्या दिवशी टीमने बसून ठरवायचं की या खेपेला एवढी एवढी कामं पुरी करू, प्रत्येक कामाचं एक कार्ड लावायचं आणि शेवटच्या शुक्रवारी झालेलं काम ग्राहकाला दाखवायचं. या पद्धतीला स्क्रम म्हणतात. ऐकायला सुरेख होती. प्रत्यक्षात डेव्हलपर एक काम लिहून झालं की ते टेस्टिंगच्या रकान्यात ढकलत आणि लगेच दुसरं ओढत. तुफान म्हणून एक होता, तो तर पहिलं संपायच्या आत तिसरं उघडून बसायचा. शेवटच्या दोन दिवसांत सगळा डोंगर तिच्या एकटीच्या अंगावर कोसळे. मग मॅनेजर तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राही आणि हळूच विचारी, "उद्यापर्यंत होईल ना?"

ओरडत नसे बिचारा. पण त्या हळू आवाजानेच तिच्या मानेवर काटा यायचा. जे पडद्यावर दाखवायला छान, ते आधी तपासलं जाई. बाकीचं पुढच्या स्प्रिंटच्या गळ्यात.

असंच एक कार्ड दोन स्प्रिंट सरकत आलं होतं. त्यावर लिहिलं होतं: "एकदम खूप इशारे आले तर फोन उशिरा वाजतो."

ही कंपनी हॉस्पिटलांसाठी एक यंत्रणा बनवत असे. पेशंटच्या खाटेशेजारच्या मॉनिटरवर नाडी किंवा श्वास बिघडला की त्याचा इशारा थेट सिस्टरच्या फोनवर जायचा. वॉर्डात आवाज नको, पेशंटची झोपमोड नको, म्हणून मॉनिटरची स्वतःची घंटा अगदी मंद ठेवलेली असे. सगळी भिस्त त्या फोनवर. इशारा उशिरा येतो अशी एका हॉस्पिटलची तक्रार आली होती. मौनी नावाच्या डेव्हलपरने, ज्याच्या तोंडून दिवसाकाठी चार शब्द निघाले तर भाग्य, दुरुस्ती करून कार्ड टेस्टिंगमध्ये ठेवलं होतं. तिथे ते पडून होतं.

त्याच दिवसांत चाळणीच्या सासूबाईंची हृदयाची झडप बदलली. ऑपरेशन नीट झालं. सकाळी नवरा हॉस्पिटलात बसायचा, दुपारी ती. सासूबाईंना ती आई म्हणे. आईंची जीभ शुद्धीवर आली ती बाकीच्या शरीराच्या आधी.

"ही शेजारची बाई बघ," पहिल्याच दिवशी त्या कुजबुजल्या. "रात्रंदिवस घोरते. हिचं हृदय दुरुस्त केलं, नाकाकडे कुणी बघितलंच नाही."

शेजारच्या खाटेवर त्यांच्याच वयाच्या एक बाई होत्या. नाव विचारायच्या आधीच आईंनी त्यांना 'घोरणाऱ्या बाई' करून टाकलं होतं.

त्या दुपारी चाळणी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. सिस्टरांची ड्युटी बदलण्याची वेळ होती, बाहेर पावलांची ये-जा चालू होती. आईंचा डोळा लागला होता. बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं की खोलीत काहीतरी बदललंय. घोरणं थांबलं होतं.

तिने मान वळवली. शेजारच्या मॉनिटरच्या कडेला लाल पट्टी उघडमीट करत होती आणि नाडीचा आकडा उतरत होता. तिला वाटलं, येईलच आता सिस्टर. फोन वाजला असेल. पण दारात कुणी आलं नाही. आकडा अजून उतरला. घोरणाऱ्या बाईंचा चेहरा राखेसारखा दिसायला लागला.

ती धावली. लॅपटॉप कुठे पडला तेही तिला कळलं नाही. बाहेर टेबलाशी दोन सिस्टर कामाची देवघेव करत होत्या. "लवकर चला," एवढंच तिच्या तोंडून निघालं. एक सिस्टर आत धावली, दुसरीने डॉक्टरांना हाक मारली. पडदा ओढला गेला. पडद्यामागून भराभर बोलण्याचे आवाज येत राहिले. चाळणी भिंतीला पाठ लावून उभी होती आणि आपल्या आईंच्या मॉनिटरकडे बघत होती.

बाई वाचल्या. इंजेक्शन वेळेवर मिळालं. पडदा बाजूला झाला, सिस्टर हात पुसत बाहेर आली, आणि तेव्हा तिच्या खिशातला फोन वाजला. तिने तो काढला, इशारा बघितला आणि बंद केला.

"आत्ता वाजतोय," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, सवय होती. "ड्युटी बदलताना होतं असं. सगळीकडून एकदमच येतात ना."

फोनच्या पडद्यावर कोपऱ्यात एक लहान निळी खूण होती. ती खूण चाळणी रोज बघायची. ऑफिसच्या दारावरही तीच होती.

"काय झालं गं?" आईंनी डोळे उघडून विचारलं.

"काही नाही, आई. झोपा."

"काही नाही तर लॅपटॉप जमिनीवर का पडलाय?"

तिने वाकून लॅपटॉप उचलला. घरी गेल्यावर नवऱ्यालाही तिने काही सांगितलं नाही. जीभ रेटेचना. डोळे मिटले की उतरणारा आकडा दिसायचा, आणि त्या खाटेवर घोरणाऱ्या बाई नसायच्या, आई असायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोर्डासमोर रोजची उभ्याउभ्याची बैठक भरली. ती घेणाऱ्याला स्क्रम मास्टर म्हणतात, पण टीमसाठी ते नुसते मास्तर होते. केस पिकलेले, स्वभावाने मऊ. काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय, एवढं ते प्रत्येकाला विचारत. तुफानने नव्या रंगीत आलेखांचं सांगितलं. शुक्रवारी एका नव्या हॉस्पिटलची माणसं येणार होती, त्यांना ते आलेख दाखवायचे होते. मग चाळणीची पाळी आली.

या नोकरीवर घराचं निम्मं चालत होतं. मॅनेजर घड्याळाकडे बघत होता.

"आज मी आलेख तपासणार नाही," ती म्हणाली आणि उशिरा वाजणाऱ्या फोनच्या कार्डावर तिने बोट ठेवलं. "हे कार्ड तपासणार. आणि ते संपेपर्यंत दुसरं काही हातात घेणार नाही."

"पण शुक्रवारी..." मॅनेजर म्हणाला.

"काल माझ्यासमोर एक बाई मरता मरता वाचली. फोन वाजला तो सगळं निस्तरल्यावर. माझ्या सासूबाई तिच्या शेजारच्या खाटेवर आहेत."

मौनीने मान खाली घातली. मास्तरांनी घसा खाकरला.

"एक सुचवू का? मागे एकदा सुचवलं होतं, पण तेव्हा तुमच्या कपाळावर आठी दिसली आणि मी गप्प बसलो." हे मॅनेजरला होतं. "स्प्रिंट राहू दे. सकाळची बैठक राहू दे. शुक्रवारचं दाखवणंही राहू दे. फक्त प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर एक आकडा लिहू. टेस्टिंगवर तीन लिहिला तर तिथे तीनच कार्डं. चौथं कुणी ढकलायचं नाही. रकाना भरला की मागच्यांनी पुढे यायचं आणि तो मोकळा करायला हात लावायचा. याला कानबान म्हणतात. आणि सगळ्यात वर एक आडवी पट्टी आखू. ज्याने पेशंटच्या जिवाला धोका, ते कार्ड तिथे. एका वेळी एकच. ते असेपर्यंत बाकी सगळं थांबलं तरी बेहत्तर."

"म्हणजे मी काय हातावर हात ठेवून बसू?" तुफानने विचारलं. "माझा रकाना तर आत्ताच भरलाय."

"नको," चाळणी म्हणाली. "माझ्या शेजारी बस. मला माणूस हवाय."

"मला टेस्टिंग येत नाही."

"प्रोग्राम मोडायला येतो ना? तुझे रोज मोडतात."

मौनी हसला. मॅनेजर हसला नाही. त्याच्या कानशिलावर घाम आला होता हे तिला दिसलं, आणि पहिल्यांदाच तिच्या मनात आलं की हा माणूसही कुणालातरी घाबरून असतो.

"एक स्प्रिंट," तो म्हणाला. "एकच. बघू." आणि स्वतःच खडू घेऊन त्याने टेस्टिंगच्या डोक्यावर तीनचा आकडा काढला. कार्ड वरच्या पट्टीत गेलं.

चाळणीने टेबलावर जुने फोन ओळीने मांडले. प्रत्येक फोन म्हणजे एक सिस्टर. तुफानने खोटे पेशंट तयार केले आणि सगळ्यांच्या नाड्या एकदम बिघडवल्या. टेबलभर फोन वाजले. वेळेवर, एकही मागे नाही. पुन्हा केलं. पुन्हा वाजले.

"झालं की," तुफान उठत म्हणाला. "मौनीचं काम चोख असतं. पास करून टाक."

शुक्रवार असता आणि खुर्चीमागे मॅनेजर उभा असता, तर तिने पास केलं असतं. तिला ते पक्कं ठाऊक होतं.

"बस जरा," ती म्हणाली. "काल ड्युटी बदलत होती. आपणही बदलू."

इशारे येत असतानाच तिने एका फोनवरून एक सिस्टर बाहेर काढली आणि दुसऱ्या फोनवर नवी आत घेतली. फोन वाजायला लागले. तुफान पडद्यावर मोजत होता. मग त्याचं बोट थांबलं.

"एक कमी आहे."

दोघं वाट बघत बसले. उशिरा येत असेल. दोन्ही फोन शेजारी शेजारी पडले होते, जाणाऱ्या सिस्टरचा आणि येणाऱ्या सिस्टरचा. दोन्ही मुके. पंख्याच्या वाऱ्याने एक कागद फडफडला तरी ती दचकली. इशारा आलाच नाही. आधी तो उशिरा तरी यायचा. दुरुस्तीनंतर तो गडपच होत होता.

तुफान ताडकन उठला. मौनी येऊन पाठीमागे उभा राहिला, त्याने वाकून बघितलं आणि मग त्या दिवसातलं त्याचं सगळ्यात लांब वाक्य बोलला. "जुन्या फोनवरून काढतोय, पण नव्यावर टाकतच नाही. माझ्या ध्यानातच आलं नाही."

"माझ्याही आलं नसतं," तुफान म्हणाला. तो पुन्हा खाली बसला आणि मग उठला नाही.

चाळणी मात्र उठली. मॅनेजरच्या खोलीचं दार तिने ढकललं, तेव्हा तो जेवणाचा डबा समोर ठेवून नुसता बसला होता.

"हॉस्पिटलला आज सांगायला हवं," ती म्हणाली. "दुरुस्ती व्हायला वेळ लागेल. तोपर्यंत ड्युटी बदलताना त्यांनी फोनवर विसंबू नये."

"आपणच फोन करून सांगायचं की आमच्या मालावर विसंबू नका?"

"हो."

"वर काय सांगू मी?"

"वर काय सांगायचं ते मला कळत नाही. तिथे काय सांगायचं ते कळतं. तुम्ही नाही केलात तर मी करते."

नोकरी गेली असं तिला वाटलं. मॅनेजरने डब्याचं झाकण लावलं. एकदा, मग पुन्हा एकदा दाबून.

"नको. फोन मी करतो. तू बस इथे."

हॉस्पिटलच्या मेट्रनबाई फोनवर आल्या. मॅनेजरने सगळं सांगितलं, अडखळत, पण काही न लपवता.

"आम्ही दोनदा कळवलं होतं तुम्हाला," मेट्रनबाई म्हणाल्या.

"हो."

"ठीक आहे. आजपासून ड्युटी बदलताना सगळे मॉनिटर दिसतात त्या मुख्य पडद्यासमोर एक सिस्टर बसवते. तेवढ्यापुरती, कारण माझ्याकडे माणसं कमी आहेत. दुरुस्ती कधी मिळेल?"

मॅनेजरने तोंड उघडलं. तो काय म्हणणार ते चाळणीला पाठ होतं. तिने डोळे मिटून घेतले.

"सांगता येत नाही," तो म्हणाला. "पूर्ण तपासून झाल्याशिवाय देणार नाही."

त्या दुपारी तिने आईंना सगळं सांगून टाकलं. आईंनी तिचं मनगट पकडलं, आणि त्या पकडीत जोर नव्हता, नुसती भीती होती.

"मला घरी घेऊन चल," त्या म्हणाल्या.

"अजून नाही नेता येणार, आई."

"मग दाराजवळच्या खाटेवर हलवायला सांग. जाता येता कुणाची तरी नजर पडेल." थोड्या वेळाने त्यांनी शेजारी मान वळवली. "आणि हिलाही हलवायला सांग. हिचं घोरणं थांबलं तर मला कळेल. मी थांबले तर हिला काय कळणार आहे, ही आपली घोरत पडलेली."

सिस्टरांनी दोघींना दाराजवळ हलवलं.

पुढचे दिवस विचित्र गेले. बोर्डावरचे बाकीचे रकाने भरलेले आणि थिजलेले. मौनी लिहायचा, चाळणी आणि तुफान मोडायचे, तो पुन्हा लिहायचा. मास्तर चहा आणून देत आणि कुणी मधेच नवं कार्ड घेऊन आलं तर बोर्डासमोर हात पसरून उभे राहत. पहिल्यांदाच तिच्याशेजारी दुसरी खुर्ची होती. भीती त्याने गेली नाही. आता दोघं घाबरत होते इतकंच, पण दोघांच्या भीतीत जास्त गोष्टी सुचत. सिस्टर लिफ्टमध्ये असली तर? एकाच नावाच्या दोन सिस्टर असल्या तर? तुफानला असे भयंकर प्रसंग सुचवण्याची हातोटी निघाली.

शेवटी दुरुस्ती हॉस्पिटलात बसवायचा दिवस आला. ड्युटी बदलण्याची वेळ मुद्दाम निवडली होती. मॅनेजर आणि मौनी दोघंही तिच्याबरोबर वॉर्डात आले. रिकाम्या खाटांचे मॉनिटर सिस्टरांनी आपल्याच बोटांना लावले होते. मेट्रनबाईंनी मान हलवली आणि सगळ्यांनी बोटावरच्या क्लिपा एकदम काढल्या.

टेबलापाशी फोन वाजायला लागले. एक, दुसरा, मग एकदम सगळे. जाणाऱ्या सिस्टरांचे शांत, येणाऱ्यांचे वाजते, अगदी जसं हवं तसं. फक्त टोकाला उभी असलेली एक सिस्टर तशीच उभी होती. तिच्या खिशातून आवाज नव्हता.

चाळणीने मौनीकडे बघितलं. तो पांढराफटक पडला होता. मॅनेजरने टेबलाची कड धरली होती.

सिस्टरने फोन बाहेर काढला, उलटा केला, सुलटा केला. "अगं बाई," ती म्हणाली. "चार्जिंगच संपलंय."

सगळे हसले. चाळणीला हसता आलं नाही. ती जवळच्या स्टुलावर बसली. मेट्रनबाईंनी त्या सिस्टरला दुसरा फोन दिला आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून करायला लावलं. या वेळी तो वाजला.

शुक्रवारी नव्या हॉस्पिटलच्या माणसांना दाखवायला अर्धेच आलेख होते. "विचार करून कळवतो," असं म्हणून ते गेले आणि त्यांनी काहीच कळवलं नाही. मॅनेजरला वर बोलावणं आलं. तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. टीम त्याच्याकडे बघत होती. आता तो बोर्डावरचा आकडा पुसणार, असं सगळ्यांनाच वाटलं. त्याने बोर्डासमोर उभं राहून चष्मा पुसला आणि खोलीत निघून गेला.

आकडा राहिला. पुढच्या स्प्रिंटमध्ये तुफानने एकदा कुणाचं लक्ष नसताना तीनचे पाच केले. दोन दिवसांत टेस्टिंगमध्ये पुन्हा ढीग साचला, तेव्हा त्याने मुकाट्याने पाचाचे तीन केले. मास्तर म्हणाले की त्यांनी बघितलं होतं, पण माणसाला एकदा पोळू द्यावं. या पद्धतीने कमी कामं सुरू होत आणि जास्त संपत. तरी कधी कधी वरच्या पट्टीत कार्ड लागे आणि चाळणी हातातलं टाकून उठे. फरक इतकाच की आता तिच्या आधी दुसरं कुणीतरी खुर्ची सोडून उठलेलं असे.

आई घरी आल्या. पहिल्या दुपारी त्यांना झोपवून ती कामावर निघाली आणि दारातच थबकली. इथे मॉनिटर नव्हता, लाल पट्टी नव्हती, सिस्टर नव्हती. ती उंबऱ्यात उभी राहून पांघरूण वरखाली होतंय का बघत राहिली. एकदा झालं. पुन्हा झालं. मग मधे जरा जास्तच वेळ गेला असं तिला वाटलं आणि ती एक पाऊल आत आली.

"आहे अजून," आई डोळे न उघडता म्हणाल्या. "जा तू कामाला."

ती आणखी थोडा वेळ तिथेच उभी राहिली आणि मग गेली.